भुकेची वही, शाडूतले चाकांचे ठसे आणि सेन्सॉर

रेघोटी

इथे स्केचबुक बाळगणारे आणि मातीत हात घालणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. विषय सेन्सॉरशिपचा आहे, पण सिनेमाच्या कात्रीबद्दल नाही. वहीतल्या रेघेबद्दल आणि मातीबद्दल बोलूया.

सुरुवात चित्तप्रसादपासून करते. नोव्हेंबर १९४३. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात चक्रीवादळाने बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्याची दाणादाण उडवली होती. जपानी सैन्य येईल या धास्तीने सरकारने किनाऱ्याकडच्या होड्या आणि तांदूळ ताब्यात घेतला होता, युद्धामुळे भाव आभाळाला भिडले होते. त्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसं गेली. अशा वेळी कुठल्याही कलाशाळेत न शिकलेला, कम्युनिस्ट पक्षाचं काम करणारा हा २८ वर्षांचा चित्रकार मेदिनीपुरात गावोगाव हिंडला. काळ्या शाईत माणसं काढली. त्यांच्याशी बोलला. कोण, कुठल्या गावचं, घरातलं कोण कोण गेलं, हे लिहून घेतलं.

त्यातून 'हंग्री बेंगॉल' ही २२ रेखाचित्रांची पुस्तिका झाली आणि ती छापली गेली आपल्या मुंबईत. ५००० प्रती. इंग्रज सरकारने त्या जप्त करून जाळल्या. कुटुंबाकडे एक प्रत उरली, ती बँकेच्या लॉकरमध्ये राहिली, आणि २०११ मध्ये दिल्लीच्या एका गॅलरीने तिची हुबेहूब आवृत्ती काढली.

सरकारला एवढी धास्ती का, तर 'फॅमिन कोड' या दुष्काळाबद्दलच्या सरकारी नियमावलीनुसार दुष्काळ जाहीर केला की मदतकार्याची जबाबदारी अंगावर येते. बंगालमध्ये तो जाहीर केलाच नव्हता. कागदोपत्री जे घडतच नव्हतं, त्याची नावागावासकट चित्रं कोणीतरी मांडून ठेवली होती.

मला मनापासून वाटतं ते असं: वही लपवून जपता येते, पण लपवलेली वही म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. चित्तप्रसादने चित्रं काढली आणि ५००० प्रती छापायला दिल्या, त्यातली दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. तुम्हाला काय वाटतं?

अंधेरीकर

धागा वाचून फार बरं वाटलं. मी अंधेरीत वाढलो, आणि चित्तप्रसाद १९४६ नंतरची बरीच वर्षं अंधेरीतच एका छोट्या खोलीत राहिले, हे मला नोकरीला लागेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी मुंबईत नाविकांचं बंड झालं, त्यावरही त्यांनी चित्रं केली.

एक पदर जोडतो. चाळीसच्या दशकाच्या शेवटी ते पक्षापासून दूर गेले. पक्षाला पोस्टर हवं असतं, घोषणा हवी असते, आणि चित्रकाराला कधीकधी नुसतंच एक थकलेलं मूल काढायचं असतं. पुढे त्यांनी राबणाऱ्या मुलांवर लिनोकटची मालिका केली. लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा, कोरणी, शाई आणि हाताचा दाब. प्रेस नसला तरी चालतं. गॅलरीच्या मर्जीवर जगायचं नसेल तर माणूस असंच माध्यम धरतो. बंगालची परंपरागत 'भट्टाचार्य' ही ओळखही त्यांनी सोडली, कारण आडनावातून जात कळते. हयातभर नुसतं 'चित्तप्रसाद' असंच नाव लावलं. हा माणूस सरकारपुढे वाकला नाही, पक्षापुढे नाही आणि बाजारापुढेही नाही. पैशाची ओढाताण मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. १९७८ मध्ये कोलकात्यात वारले.

म्हणून रेघोटीताई, सेन्सॉर फक्त सरकारी नसतो, हेही या धाग्यात येऊ द्या.

शाडूचा_गोळा

मी मुलांना मातीकाम शिकवते. माझा अनुभव अगदी छोटा आहे, पण याच विषयातला आहे.

गेल्या वर्षी एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी कार्यशाळा घेतली. विषय होता 'माझं घर'. शाडू भिजवून, मळून, प्रत्येकाला एकेक पाट दिला. बहुतेकांनी कौलारू घर, तुळस, अंगण असं केलं. एका मुलाचं घर रस्तारुंदीकरणात गेलं होतं. त्याने अर्धी भिंत केली, भिंतीला टेकून बसलेली आजी केली, आणि समोर जेसीबी. जेसीबी इतका सुरेख जमला होता की बाकीची मुलं तोच बघायला येत होती. चाकं त्याने आधी मातीची करून वाळू दिली, मग त्यांच्या कडेला काडीने खाचा पाडल्या, आणि ओल्या पाटावरून ती फिरवून भिंतीपर्यंत ठसे उमटवले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सूचना आली. जेसीबी काढा. पाहुणे येणार आहेत, उगाच वेगळा अर्थ नको. विषय घर आहे, मशीन नाही.

मुलाने एक शब्द न बोलता जेसीबी उचलला. ठसे तसेच ठेवले. मी बोट ओलं करून ते बुजवायला सांगितलं नाही, आणि त्यानेही बुजवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहुणे बरोबर त्याच पाटापुढे थांबले आणि "या रेघा कसल्या रे?" असं विचारलं. त्याने सगळं सांगितलं. कोणती तारीख, किती वाजता, आजी काय म्हणाली, सगळं.

आता यंदाच्या कार्यशाळेसाठी अट आलीय. प्रत्येक कामाचा फोटो आधी पाठवायचा, मंजूर झालेली कामंच मांडायची. मी होकार द्यावा का? मुलांची संधी जाऊ नये असंही वाटतं. खरंच सल्ला हवाय.

सडेतोड

दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत असं माझं मत आहे. एकीकडे लाखो माणसं मरत असताना सरकार पुस्तक जाळतंय. दुसरीकडे शाळा म्हणतेय की एक खेळणं काढा. शाळेला पालक असतात, संस्थाचालक असतात, वर अधिकारी असतात. सगळ्यालाच सेन्सॉरशिप म्हटलं तर खऱ्या सेन्सॉरशिपची धार जाते.

आणि दुसरा मुद्दा, जरा अवघड आहे. उपाशी माणसाचं चित्र काढायचं स्वातंत्र्य चित्रकाराचं. त्या माणसाचं काय? त्याला कोणी विचारलं? मरणाच्या दारातल्या बाईचं उघडं अंग कागदावर उतरवून मुंबईत छापायचं, हे तिच्या बाजूने बघितलं तर कसं दिसतं?

रेघोटी

सडेतोड, तुमचा दुसरा मुद्दा मी कधीपासून उराशी घेऊन आहे, त्यामुळे आधी त्याबद्दल.

चित्तप्रसाद नाव लिहीत होता, हे मला इथे निर्णायक वाटतं. सरकारी अहवालात माणूस आकडा होतो, आणि आकडा कमी-जास्त करता येतो. नाव आणि गाव लिहिलं की ते खोटं पाडायला कोणाला तरी त्या गावात जावं लागतं. त्याने भिकेचं दृश्य म्हणून माणसं काढली नाहीत. त्यांची हकीकत ऐकून काढली. तरीही तुमचा प्रश्न संपतो असं मी म्हणत नाही. समोर बसून काढताना प्रत्येक वेळी तो नव्याने विचारावा लागतो, आणि माझ्या मते स्केचबुकचा इथे फायदा आहे. रेखाटायला वेळ लागतो. तेवढा वेळ समोरच्याच्या नजरेखाली बसावं लागतं. तो तुम्हाला उठवू शकतो.

आता मातीकडे येते, कारण त्यासाठी चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांचं नाव घ्यायलाच हवं. १९२१ चा जन्म, चितगावकडचे. डिसेंबर १९४२ मध्ये तिथल्या पटिया गावावर जपानी बॉम्ब पडले, ते त्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी दुष्काळ. त्या काळात चितगावच्या रस्त्यांवर आणि इस्पितळात उपाशी, आजारी माणसं कशी रेखाटायची हे या तरुणाला हाताला धरून शिकवणारा माणूस म्हणजे चित्तप्रसादच. पुढे कोलकात्याच्या आर्ट स्कूलमध्ये झैनुल अबेदिन त्यांना शिकवायला होते, ज्यांनी स्वतः दुष्काळाची चित्रं साध्या पॅकिंगच्या कागदावर काढली होती.

१९४६ च्या डिसेंबरात होर रंगपूरला गेले. तिथे बटाईने शेती करणारी कुळं पिकाचे तीन वाटे करून दोन आपल्याला मागत होती, तेभागा आंदोलन. होर तिथे रोजनिशी लिहीत आणि त्याच वहीत रेखाटत. कापणी, रात्रीच्या बैठका, कंदिलाभोवतीचे चेहरे. १९४८ मध्ये बंगालात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली आणि त्यांना भूमिगत व्हावं लागलं.

आणि मग १९७१ च्या सुमारास 'वूंड्स' ही मालिका. त्यांनी मातीचा सपाट थर घेतला, त्यावर सुरीने, तापवलेल्या सळीने चिरा पाडल्या, भोकं पाडली. त्यावर सिमेंट ओतून साचा घेतला. त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबला. वाळल्यावर हातात येतो एक पांढरा कागद. शाई नाही, रंग नाही, पांढऱ्यावर पांढरी जखम. कुठेकुठे फक्त लालसर झाक. तिथे माणूस नाही, घोषणा नाही, गाव नाही. यात कोणता सेन्सॉर काय कापणार? उजेड तिरका पडला की जखम दिसते.

शाडूचा_गोळा, तुमच्या त्या मुलाने जेसीबी उचलून ठसे ठेवले, ते वाचल्यावर मला हेच कागद आठवले. त्याला होर ठाऊक असण्याचं कारण नाही. मातीनेच शिकवलं त्याला.

शाडूचा_गोळा

हो, आणि मातीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मातीत केलेलं मूळ काम बहुतेक वेळा टिकतच नाही. वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरायचा साचा, घेताना वरून प्लॅस्टर चढवायचं, ते घट्ट झालं की आतली माती खरवडून काढायची. तीच माती परत बादलीत. पुतळा उभा राहतो तो प्लॅस्टरचा किंवा ब्राँझचा. शिकणाऱ्या मुलांना पहिल्यांदा फार वाईट वाटतं. मग सवय होते, आणि हात मोकळा होतो. बिघडलं तर मोडता येतं हे कळलं की मूल धाडस करतं. मंजुरीची अट आली की नेमका हाच मोकळेपणा जातो. फोटो पाठवायचाय म्हटलं की मूल पहिल्यापासून 'पास होणारं' काम करतं. जेसीबी काढून टाकावा लागणार नाही, कारण तो कोणी करणारच नाही.

सडेतोड, तुम्ही म्हणता ते मान्य, शाळा म्हणजे इंग्रज सरकार नव्हे. पण मला भीती जेसीबी उचलला जाण्याची नाहीच. तो केलाच जाणार नाही, ही आहे.

काळा_कोट

कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो, कारण छापण्याआधी दाखवा ही अट आपल्या देशात फार जुनी लढाई आहे.

१९५० मध्ये, राज्यघटना लागू होऊन चार महिनेच झाले असताना, २६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. रोमेश थापर यांचं 'क्रॉस रोड्स' हे साप्ताहिक मुंबईहून निघायचं, डाव्या विचारांचं. मद्रास सरकारने त्याला आपल्या प्रांतात बंदी केली होती. दुसरं 'ऑर्गनायझर', उजव्या विचारांचं. त्यांना दिल्लीच्या प्रशासनाने आदेश दिला होता की जातीय विषयावरचा आणि पाकिस्तानबद्दलचा मजकूर, त्यातली छायाचित्रं आणि व्यंगचित्रंसुद्धा, छापण्याआधी तपासायला द्या. न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. दोन टोकांचे लोक एकाच दिवशी जिंकले, हे मला कायम लक्षात ठेवावंसं वाटतं. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सरकारच्या हाती निर्बंधांसाठी जास्त कारणं आली, हेही खरं.

मुंबईचं प्रकरण म्हणाल तर १९५४. जहांगीर आर्ट गॅलरीत अकबर पदमसी यांचं प्रदर्शन. 'लव्हर्स' नावाची दोन चित्रं, एकात पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर. पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितली, पदमसींनी नकार दिला, त्यांना अटक झाली. दंडविधानातलं अश्लीलतेबद्दलचं कलम २९२. मॅजिस्ट्रेटने त्यांना निर्दोष सोडलं, सरकार उच्च न्यायालयात गेलं, तिथेही पदमसीच जिंकले. उतरवा म्हटल्यावर उतरवली असती तर अटक टळली असती आणि आज कोणाला ते आठवलंही नसतं.

आणि गंमत नव्हे, गंभीरपणे सांगतो: हा विषय अजून संपलेला नाही. २०२३ मध्ये मुंबई कस्टम्सने परदेशातल्या लिलावात विकत घेतलेली सात चित्रं अश्लील ठरवून अडवली. काही पदमसींची, काही गोव्यात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सुझांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि चित्रं सोडायला लावली. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे न्यायालयाला पुन्हा एकदा सांगावं लागलं.

अवांतर: कलम २९२ मध्ये देवळांवरच्या आणि प्राचीन वास्तूंवरच्या शिल्पांना स्पष्ट सूट होती. दगडात, हजार वर्षांपूर्वी, देवळावर असेल तर चालतं. तेच आजच्या माणसाने कोळशाने कागदावर काढलं तर त्याने कलेसाठी काढलं हे सिद्ध करायचं.

शाडूचा_गोळा, खाजगी शाळेला हे निकाल थेट लागू होत नाहीत, हे आधीच सांगतो. पण मी तुमच्या जागी असतो तर मंजुरीची अट लेखी मागितली असती. कोण मंजूर करणार आणि कोणत्या कारणासाठी नाकारता येईल, हे कागदावर येऊ द्या. तोंडी सूचनेला उत्तर देता येत नाही.

प्रागहून

मी नोकरीनिमित्त इकडे राहते. हा धागा वाचताना टेरेझिन सारखं मनात येत होतं. नात्झींनी ज्यूंना डांबलेली ती छावणी. तिथे एक आराखडे काढणारी कचेरी होती, तिचा प्रमुख बेडरिख फ्रिट्टा. दिवसा हे चित्रकार अधिकाऱ्यांसाठी नकाशे आणि तक्ते काढायचे, आणि तोच कागद, तीच शाई वापरून रात्री खरी छावणी. रांगा, म्हातारी माणसं, प्रेतांच्या गाड्या.

जून १९४४ मध्ये रेड क्रॉसची माणसं पाहणीला येणार म्हणून छावणी रंगरंगोटी करून सजवली गेली. पुढच्या महिन्यात फ्रिट्टा, लिओ हास आणि त्यांच्या साथीदारांना पकडलं. आरोप होता, भयंकर गोष्टींचा अपप्रचार. फ्रिट्टाची चित्रं जमिनीत पुरलेली होती, हासची भिंतीत चिणलेली. चित्रं वाचली. फ्रिट्टा त्याच वर्षी ऑशवित्झमध्ये मरण पावला. हास वाचला, आणि त्याने फ्रिट्टाचा लहान मुलगा टॉमी दत्तक घेतला.

या टॉमीच्या तिसऱ्या वाढदिवसाला, जानेवारी १९४४ मध्ये, बापाने छावणीतच एक चित्रांची वही करून दिली होती. त्यात पोराने कधी न पाहिलेल्या गोष्टी आहेत: केक, फळं, बाहेरचं जग. रंगीत, हसरी चित्रं. त्याच हाताने रात्री प्रेतांच्या गाड्या काढल्या.

रेघोटी, तुमचं एक वाक्य मात्र मला खटकलं. लपवलेली वही म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, असं तुम्ही म्हणता. टेरेझिनमध्ये दुसरा मार्ग नव्हता. तिथे लपवणं हेच दाखवणं होतं, फक्त पाहणारे नंतर यायचे होते.

रेघोटी

तुमचं म्हणणं पटलं, आणि माझं वाक्य थोडं बदलून मांडते. फ्रिट्टाने लपवलं ते कोणाला तरी सापडावं म्हणून. मी ज्या वहीबद्दल म्हणत होते ती वेगळी. जिथे दाखवणं शक्य आहे, फार तर टोमणे मिळतील किंवा एखादं काम हातचं जाईल, तिथे आपण वही कपाटात ठेवतो आणि स्वतःला समजावतो की मी काढायला मोकळी आहे ना, मग झालं. माझ्या ओळखीतले कितीतरी चांगले हात असे कपाटात गेलेत. त्यांच्याबद्दल जीव तुटतो माझा.

सडेतोड

धागा चांगला चाललाय. माझी भूमिका पूर्ण बदललेली नाही. शाळेला आपल्या भिंतीवर काय लावायचं हे ठरवायचा हक्क असतो, हे मी अजूनही म्हणेन. पण शाडूचा_गोळा यांनी लिहिलेलं "तो केलाच जाणार नाही" हे रात्रभर डोक्यातून जाईना. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या चित्रकलेच्या वह्या चाळल्या. सूर्योदय, वारली, राष्ट्रीय एकात्मता, पाणी वाचवा. तिच्या घरातलं, तिच्या गल्लीतलं एकही चित्र नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, असं काढायचं नसतं शाळेत." तिला कोणी कधी मनाई केल्याचं मला तरी माहीत नाही.

एक प्रश्न आहे शाडूचा_गोळा यांना. शाळेतच हवं असं काही आहे का? हीच कार्यशाळा बाहेर घेता येणार नाही?

शाडूचा_गोळा

घेता येईल, पण ज्या मुलांना मी शिकवते त्यांच्यातल्या निम्म्यांना सुट्टीच्या दिवशी कोणी आणून सोडणारं नसतं. शाळा सोडली तर तीच मुलं सुटतात. म्हणून शाळा सोडायची नाही, हे मी ठरवलंय.

काळा_कोट यांच्या सांगण्यावरून अट लेखी मागितली. उत्तर आलं, की कोणाच्या भावना दुखावतील असं काही नसावं, बाकी आमची हरकत नाही. मग मी एकच विनंती केली: काम नाकारलं तर कारण त्या मुलाला समोर बसवून सांगायचं, माझ्यामार्फत नाही. त्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी ते कबूल झालं. फोटो आधी पाठवायची अट मात्र कायम आहे. हे मला पुरेसं वाटत नाही, पण मोठ्या माणसाला मुलाच्या डोळ्यांत बघून "जेसीबी काढून टाक" म्हणणं तितकं सोपं जात नाही, एवढा भरवसा आहे.

आणि शाळेबाहेरचं एक प्रदर्शनही करायचं मनात आहे, जिथे कुठलंच काम आधी कोणी तपासणार नाही. शाडू माझ्याकडे आहे, पाट आहेत. जागा हवीय, तळमजल्यावर, कारण ओले पाट जिन्याने चढवताना तडकतात.

सडेतोड

आमच्या सोसायटीचा हॉल तळमजल्यावर आहे. कमिटीशी मी बोलतो. मुलांना आणायला-सोडायला माझी आणि शेजाऱ्यांची अशा दोन गाड्या होतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.